छातीत कळ, दम, पायात गोळे: हृदय आणि रक्तवाहिन्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. ओपीडीत रोज येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. उत्तरं द्यायला मात्र तिथं पाच-सात मिनिटंच मिळतात, म्हणून ती इथं सविस्तर लिहिते आहे. हृदयविकाराचं अर्धंअधिक निदान मशीन लावण्याआधीच होतं, रुग्ण आपला त्रास सांगतो तेव्हा. त्यामुळे प्रत्येक उत्तरात आजाराबरोबरच तो डॉक्टरांना कसा सांगायचा हेही लिहिलं आहे.

छातीत दुखतंय ते पित्ताचं की हार्टचं, हे घरी कसं ओळखायचं?

नक्की ओळखता येत नाही. पण संशय कधी घ्यायचा हे नक्की सांगता येतं.

हृदयाचं दुखणं बहुतेक वेळा 'दुखतं' असं कुणी सांगतच नाही. 'छातीवर कुणीतरी बसल्यागत वाटतंय', 'आवळून धरलंय', 'जड झालंय', 'आत भरून आलंय' असे शब्द येतात. सांगताना रुग्ण बोट ठेवत नाही, तो अख्खा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. तिथून कळ डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, खांद्यात, पाठीत, गळ्याशी, जबड्यात किंवा बेंबीच्या वरच्या भागात जाते. सोबत दरदरून घाम, मळमळ, दम आणि 'आता काहीतरी होणार' अशी घालमेल असते. हे वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकलं तर अॅटॅक समजूनच पुढचं करायचं.

उलट एका बोटाने दाखवता येणारी टोचणी, दाबल्यावर वाढणारी किंवा श्वास घेताना चमक मारणारी कळ, दोन-चार सेकंदांत जाणारं दुखणं हे हृदयाचं असण्याची शक्यता कमी असते. कमी असते, नसतेच असं नाही.

आपल्याकडे घोटाळा होतो तो जेवणावरून. रात्री तांबडा-पांढरा रस्सा झालेला असतो, पहाटे छाती जड होते आणि सगळं घर एका सुरात म्हणतं, 'मटण बाधलं.' मग सोडा, लिंबू, ओवा, पित्ताची गोळी. ढेकर येतो, थोडं बरं वाटतं आणि दोन तास निघून जातात. माझ्या सख्ख्या काकांचे असेच चार तास गेले. ते वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. त्या रात्री फोनवर 'पित्तच असेल' असं म्हणणाऱ्यांत मीही होते, तेव्हा शिकत होते. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते: पित्ताच्या गोळीने बरं वाटलं म्हणून हार्ट नाही असं ठरत नाही, आणि सॉर्बिट्रेटने (जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळीने) बरं वाटलं म्हणून हार्टच आहे असंही ठरत नाही. अन्ननलिकेचा आकडीसारखा त्रासही सॉर्बिट्रेटने थांबतो.

अॅटॅकचा संशय आला तर पहिल्यांदा काय करायचं?

१०८ ला फोन करा आणि माणसाला जिथं आहे तिथं बसवा. जिना उतरवू नका, चालवू नका, मोटरसायकलवर मधे बसवून आणू नका. त्याने स्वतः गाडी चालवत येणं तर अजिबात नको.

अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव झालेला नसेल, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं अशी लक्षणं नसतील, तर साधारण ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला द्यावं. गिळण्यापेक्षा चावल्याने ते लवकर रक्तात उतरतं. शंका असेल तर फोनवर डॉक्टरांना विचारून द्या. मात्र छातीतून पाठीत काहीतरी फाटत गेल्यासारखी, पहिल्याच क्षणी कमालीची तीव्र कळ आली असेल तर अॅस्पिरिन देऊ नका. ती महाधमनीचा आतला थर फाटल्याची कळ असू शकते. त्यात कधीकधी दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं येतं, निदान सीटी स्कॅनने होतं आणि रक्त पातळ करणारं औषध तिथं घातक ठरतं.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल: पूर्वी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि बसूनच घ्यायची. तिने बीपी झपकन उतरतं. शेजाऱ्याच्या खिशातली गोळी उभ्यानं घेऊन माणूस कोसळलेला मी पाहिला आहे. लैंगिक ताकदीची गोळी आदल्या दिवशी घेतली असेल तर लाज न बाळगता सांगा, कारण दोन्हींनी मिळून बीपी धोकादायक खाली जातं.

दवाखाना कोणता, हा प्रश्न शहरात सोपा आहे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या लोकांसाठी नाही. मोठ्या अॅटॅकमध्ये बंद झालेली नळी उघडायचे दोन मार्ग आहेत, तातडीची अँजिओप्लास्टी (बारीक फुग्याने नळी आतून उघडणं) किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अँजिओप्लास्टी साधारण दोन तासांच्या आत होणार असेल तर ती चांगली. होणार नसेल तर जवळ जिथं ईसीजी काढून ते इंजेक्शन देतात तिथं आधी जा आणि मग शहराकडे या. इंजेक्शनचा उपयोग पहिल्या तीन तासांत सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर जवळजवळ नाही. नात्यातला कुणीतरी 'मोठ्या दवाखान्यातच न्यायचं' म्हणून हट्ट धरतो आणि घाटरस्त्यात तोच वेळ संपतो.

ईसीजी नॉर्मल आहे, तरी डॉक्टर भरती व्हायला सांगतात. पैशासाठी का?

ही शंका मला समजते, पण इथं ती बहुतेक वेळा चुकीची असते. ईसीजी हा त्या दहा सेकंदांचा फोटो आहे. अॅटॅक सुरू होत असताना पहिली पट्टी सरळ-साधी निघू शकते. म्हणून त्रास चालू असेल तर ती थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात, आणि आधीच्या पट्टीशी ताडून पाहतात.

दुसरा आधार ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीचा. हृदयाचा स्नायू मरायला लागला की हे प्रथिन रक्तात येतं, पण त्याला वेळ लागतो. नेहमीच्या तपासणीत ते दिसायला तीन ते सहा तास जातात, नव्या जास्त संवेदनशील तपासणीत त्याहून कमी. कळ सुरू होऊन तासाभरात दिलेलं रक्त निगेटिव्ह आलं तर त्यावर निर्धास्त होता येत नाही, काही तासांनी ते पुन्हा द्यावं लागतं. किडनीच्या आजारात, फुफ्फुसात गुठळी गेल्यावर किंवा हृदयाला सूज आल्यावरही ट्रोपोनिन वाढतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे हे महत्त्वाचं असतं. थांबवून ठेवण्याचं कारण हेच आहे. आणि कळ नेमकी किती वाजता सुरू झाली, हे घड्याळ पाहून सांगितलंत तर डॉक्टरांचं अर्धं काम हलकं होतं.

बायकांना अॅटॅक येत नाही म्हणतात, खरं का?

नाही. पाळी सुरू असेपर्यंत धोका पुरुषांपेक्षा कमी असतो, नंतर तो वाढत जातो. मधुमेह असेल तर आधीही असतो. मशेरी लावणाऱ्या बायका ते तंबाखूचं व्यसन मानतच नाहीत. विचारलं तर 'नाही' म्हणतात, आणि नात हळूच सांगते, 'आजी दिवसातून चार वेळा मशेरी लावते.'

बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत आणि जुन्या मधुमेहींत छातीची कळ नसतानाही अॅटॅक येतो. नुसता दम, अचानक आलेला गळाठा, उलट्या, थंड घाम, पाठ किंवा जबडा दुखणं एवढंच असतं. आणि घरातली बाई 'सगळ्यांचं जेवण झालं की जाऊ' म्हणते. तिला तिथल्या तिथं उठवून न्या.

जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती भरून येते, थांबलं की जाते. मग काळजी कशाला?

थांबल्यावर जाते, म्हणूनच काळजी. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली की बसल्या जागी पुरवठा पुरतो, चढाला पुरत नाही. थांबलं की दोन-पाच मिनिटांत बरं वाटतं. याला अंजायना म्हणतात. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी चार गोष्टी विचारते: काय करताना होतं, किती वेळ राहतं, कशाने थांबतं आणि पूर्वीपेक्षा कमी श्रमात व्हायला लागलं आहे का. 'रंकाळ्याला अख्खी चक्कर मारायचो, आता अर्ध्यातच थांबावं लागतं' हे एक वाक्य मला पाच रिपोर्टांइतकं सांगून जातं. आणि तोच त्रास बसल्या जागी किंवा झोपेत व्हायला लागला तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका, त्याच दिवशी भरती व्हा.

पट्ट्यावर चालायची टेस्ट, म्हणजे टीएमटी, निगेटिव्ह आली. सुटलो का?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. टीएमटीत नळी बरीच, साधारण सत्तर टक्के किंवा जास्त, अरुंद असेल तरच बदल दिसण्याची शक्यता असते. खरा अडथळा असलेल्या दहा जणांपैकी तिघांच्या आसपास ती निगेटिव्ह येते. नळ्या चांगल्या असताना पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाणही कमी नाही, बायकांमध्ये विशेष. शिवाय अॅटॅक पुष्कळदा कमी अरुंद नळीतला चरबीचा थर फुटून, त्यावर गुठळी बसून येतो. म्हणून काही त्रास नसलेल्या तरुणाने हौसेने टीएमटी करून घ्यावी असं मी सांगत नाही. त्रास असेल आणि टीएमटीवर शंका राहिली तर सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनवर नळ्यांचं चित्र), स्ट्रेस इको (श्रमाचा ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी) असे पुढचे मार्ग आहेत.

अँजिओग्राफी म्हणजे ऑपरेशन का? आणि केली की स्टेंट टाकतातच का?

ऑपरेशन नाही. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांखाली नळ्यांचं चित्र घेतात. माणूस जागा असतो. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने अशी नळी स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच ठेवून चालत एक्स-रे काढायला गेला. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. किडनीचा आजार असेल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर आधी सांगा.

स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, प्रत्येकाला लागत नाही. अॅटॅकमध्ये तो जीव वाचवतो. स्थिर अंजायनात गोळ्यांवरही अनेकांचं चांगलं चालतं. टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या मुलाला बाहेर बोलावून 'पाच मिनिटांत ठरवा' असं म्हटलं जातं तेव्हा विचारायचे प्रश्न दोनच: हा अॅटॅक आहे का, आणि आत्ता नाही केलं तर काय होईल? अॅटॅक नसेल तर रिपोर्ट आणि सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयावरच्या अनेक उपचारांचा खर्च मिळतो, त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा योजनेतल्या कुठल्याही दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, त्यांना आधी भेटा.

डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग बीपी कसं असेल?

बीपीचा बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. ते मोजूनच कळतं, आणि आपल्याकडे मोजण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. जिना चढून आल्या आल्या, बोलत बोलत, शर्टाच्या बाहीवरून, पाय लोंबकळत ठेवून. बरोबर पद्धत अशी: पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं मोजायचं.

इथं कोल्हापूरचा एक खास मुद्दा आहे, पैलवानांचे दंड. नेहमीचा कफ जाड दंडाला अपुरा पडतो आणि बीपी खोटंच जास्त दाखवतो. अशांना मोठा कफ लागतो, तो नसेल तर निष्कर्ष काढू नये.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर, घरी सरासरी १३५/८५ किंवा वर आलं तर उच्च रक्तदाब धरतात. डॉक्टरांना पाहून वाढणारं आणि दवाखान्यात लपून घरी वाढणारं, दोन्ही प्रकार खरे आहेत. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून कागदावर लिहून आणा.

तिशीच्या आत बीपी निघालं तर गोळी सुरू करून गप्प बसू नये. किडनी, किडनीची धमनी, हार्मोनच्या ग्रंथी तपासाव्यात आणि हातापायांच्या नाड्या नीट पाहाव्यात. तरुण मुलीच्या एका हाताची नाडी लागत नाही, काम करताना तो हात लवकर भरून येतो, कधी बारीक ताप आणि वजन घटणं असतं. हा ताकायासूचा आजार असू शकतो, म्हणजे मोठ्या धमन्यांना येणारी सूज. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी तो १९०८ साली प्रथम मांडला. आपल्या देशात तो दिसतो, आणि 'अशक्तपणा' म्हणून वर्षानुवर्षं टॉनिकवर काढला जातो.

दम लागतो आणि पाय सुजतात. दमा आहे का हृदय?

रात्री किती उशा लागतात ते सांगा. एकावरून तीनवर गेलात, किंवा झोपेतून दम लागून उठून खिडकीशी बसावं लागतं, तर हृदयाचं पंपिंग तपासायला हवं. दोन्ही पायांवर अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडतो का पाहा. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल तर ती चरबी नाही, पाणी आहे.

यासाठी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. त्यात 'ईएफ' म्हणून आकडा येतो, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं गेलं. साधारण ५५ ते ७० नॉर्मल. लोक साठ पाहून घाबरतात, त्यांना तो शंभर हवा असतो! शंभर कुणाचाच नसतो. उलट ईएफ चांगला असूनही हृदय कडक झाल्याने दम लागू शकतो, तेव्हा एनटी-प्रो-बीएनपी ही रक्ततपासणी मदत करते.

छातीत धडधडतं, पण दवाखान्यात गेलं की सगळं नॉर्मल.

धडधड सुरू असताना मनगटाची नाडी धरा आणि तो ठेका दुसऱ्या हाताने टेबलावर वाजवून पाहा. मला तो तसाच वाजवून दाखवा. वेगात पण एकसारखा, मधेच एक ठोका चुकल्यासारखा, की कसलाच ताल नसलेला? तिसरा प्रकार एट्रियल फिब्रिलेशनचा असू शकतो. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाते आणि लकवा येतो. वेळेत कळलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीने हे बरंचसं टाळता येतं. त्या क्षणी जवळच्या कुठल्याही दवाखान्यात ईसीजी काढून घेणं सगळ्यात चांगलं. नाहीतर चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावून शोधावं लागतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासा.

तालमीतला मुलगा जोर मारताना चक्कर येऊन पडला. उपाशी होता म्हणून असेल ना?

असं गृहीत धरू नका. रांगेत उभं राहून, रक्त पाहून येणारी चक्कर वेगळी. ऐन मेहनतीत किंवा कुस्ती चालू असताना शुद्ध हरपणं हा हृदयाचा गंभीर इशारा आहे. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याचा एक आजार साधारण पाचशे माणसांत एकाला असतो. बराचसा घराण्यातून येतो, आणि तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं होतं का, हे आठवून सांगा. ईसीजी आणि इको होईपर्यंत मुलगा आखाड्यात उतरणार नाही, हे वस्तादांना स्पष्ट सांगा. ताकदीची इंजेक्शनं घेतली असतील तर तेही कळू द्या, मी त्यावरून कुणाला रागावत नाही.

चालताना पोटऱ्यांत गोळे येतात. कॅल्शियम कमी झालंय का?

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा. हे पायाच्या धमनीच्या अडथळ्याचं वर्णन आहे. मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा पुढं वाकावं लागतं. एवढ्या एका फरकाने निदानाची दिशा बदलते. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, हे गुणोत्तर ०.९ किंवा खाली असेल तर अडथळा नक्की समजतात. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन ते खोटंच जास्त येतं, म्हणून तिथं डॉप्लरही (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात.

आणि तंबाखू. निपाणीचा तंबाखूचा पट्टा आपल्या उंबऱ्यावर आहे, विडी-तंबाखू इथं पाहुणचाराचा भाग आहे. तिशी-पस्तिशीतल्या विडी ओढणाऱ्याच्या पायाची बोटं थंड, निळसर पडतात, रात्री झोपू देत नाहीत, टोकाला जखम होऊन काळी पडते. हा बर्गरचा आजार, तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होण्याचा. यात विडी पूर्ण सोडली तर पाय वाचण्याची मोठी आशा असते, नुसती कमी करून भागत नाही. हे मी हात जोडून सांगते, कारण बोटापासून सुरू होऊन गुडघ्यापर्यंत पाय गमावलेली माणसं मी पाहिली आहेत.

एकच पाय सुजलाय, पोटरी दुखते.

बाळंतपण, ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर असेल तर आतल्या शिरेत गुठळीची शंका. पाय चोळू नका, तेल लावू नका, त्याच दिवशी डॉप्लर करा. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक दम लागतो.

इचलकरंजीच्या मागावर आठ-बारा तास उभं राहणाऱ्यांच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा हा वेगळा विषय. तो हृदयरोग नाही. घोट्याजवळ कातडी काळवंडून खाज यायला लागली की मात्र जखम होण्याआधी दाखवा.

मुलाचे सांधे आळीपाळीने सुजतात. त्याचा हृदयाशी काय संबंध?

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एक सांधा सुजतो, तो उतरतो, मग दुसरा. हा संधिवाताचा ताप. सांधे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. कित्येक मुलींना ते कळतं थेट बाळंतपणात, दम लागल्यावर. इको करून घ्या, आणि दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल तर मूल धडधाकट दिसतंय म्हणून ते थांबवू नका.

तपासायला येताना काय आणायचं?

चालू गोळ्यांची पाकिटं, नुसती 'पांढरी छोटी गोळी' हे वर्णन नको. घरच्या बीपीचा कागद. घरात कुणाला कोणत्या वयात अॅटॅक आला याची आठवण. आणि जुना ईसीजी. त्याची पट्टी ज्या कागदावर निघते तो काही वर्षांत फिका पडतो, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मागच्या पावसाळ्यात कागलकडचे एक आजोबा पहाटे दम लागून आले. ईसीजीत हृदयाच्या डाव्या वायरिंगचा, म्हणजे विजेचे संकेत नेणाऱ्या वाटेचा ब्लॉक होता (रक्ताच्या नळीचा नव्हे). तो नवा असेल तर अॅटॅकची शंका बळावते, जुना असेल तर नाही. आजींनी पिशवीतून देवाच्या पोथीत घडी करून ठेवलेला सहा वर्षांपूर्वीचा कागद काढला. अक्षरं पुसट झाली होती, पण रेघ हुबेहूब तीच होती. ट्रोपोनिनही दोन्ही वेळा नॉर्मल आलं. आजोबांना निमोनिया होता, त्याचे उपचार घेऊन ते पाचव्या दिवशी घरी गेले.